तिसऱ्या दाराचा नकार

आमच्या गावात देवाच्या आईला दारातून परत पाठवायचा मान तीनच घरांना आहे, आणि तो मिळावा म्हणून लोक भांडतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी योसेफ आणि मारिया चांदणीच्या कंदिलांसोबत गल्लीतून निघतात, तीन घरांपुढे थांबून गाण्यात बाळंतपणापुरता निवारा मागतात, आणि तिन्ही खिडक्यांतून त्यांना गाण्यातच नकार मिळतो. मग मिरवणूक चर्चपाशी जाते, तिथं दार उघडतं आणि नाताळची उपासना, मिस्सा, सुरू होते. हा सगळा खेळ मी बसवते. शाळेत जन्मभर गाणं शिकवलं. निवृत्त झाले तरी गावानं मला बाई म्हणणं सोडलं नाही, आणि मी बेसूर माणसाला तोंडावर बोलणं सोडलं नाही.

तिसरं दार चोलेंगचं. तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवरचं शेवटचं घर. खाली बदकं, वर राहायची जागा, आणि गल्लीवर उघडणारी मोठी खिडकी. तिसऱ्या दाराचा मान सगळ्यात मोठा, कारण तिथं लोकांना रडू यायला हवं. पहिल्या दाराशी कुणी रडत नाही, तिथं अजून गप्पा चाललेल्या असतात. चोलेंगचा आवाज जाडसर, थोडा घोगरा, आणि सूर कायम अर्धा उतरलेला. मी तिला लाख वेळा सांगितलं असेल. पण त्या उतरलेल्या सुरात ती म्हणायची,

घर भरलंय उंबऱ्यापर्यंत, तिळाएवढी जागा नाही,
पुढच्या दारी जा गं बाई, इथं तुझी सोय नाही.

आणि खाली कंदील धरलेले दांडगे कोळीसुद्धा नाक ओढायला लागायचे.

बावीस वर्षांपूर्वी मारिया झाली ती चोलेंगचीच मुलगी, रोसाउरा. एकोणीस वर्षांची होती, बापाविना वाढलेली, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांत गळा तिचाच. आईनं खिडकीतून पोटच्या पोरीला नकार दिला आणि असा जीव ओतून दिला की अख्खी गल्ली रडली. मीही रडले, सूर उतरलेला असूनही. पुढं जानेवारीत तीन राजांचा सण होतो न होतो तोच मनिलाहून एका एजंटाचा निरोप आला. ओसाकाच्या एका हॉटेलात बँडला गायिका हवी होती. रोसाउरा गेली, आणि तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच.

ओसाका झालं, क्वालालंपूर झालं, दुबई झाली. मग जहाजं, मग स्वतःच्या नावाचे दौरे. तिकडं तिला 'ऑरा' म्हणतात. नादो न्हाव्याच्या दुकानात तिचं पोस्टर आहे, चंदेरी झग्यातलं; दाढी करून घेणारा माणूस आरशात आधी तिला बघतो आणि मग स्वतःला. ती कुठल्या कुठल्या भाषांत गाते. अल्माटीत एका लग्नात तिनं त्यांचंच जुनं गाणं त्यांच्याच भाषेत म्हटलं. नवऱ्यामुलाचा आजा उठून तिच्या गळ्यात पडला आणि काय काय बोलत सुटला. हिला गाण्यापलीकडं त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. आमच्या माणसांचं हे असंच आहे. दुसऱ्याचं गाणं आम्ही त्याच्याइतकंच जीव लावून गातो, आणि मग तो आम्हाला घरचं समजून बोलायला लागतो.

आईला तिनं काही कमी पडू दिलं नाही. घराला नवं छप्पर आलं, मोठा फ्रीज आला, एक पियानोही आला. पियानोवर चोलेंग बदकांची खारवून लाल रंगवलेली अंडी सुकवते. पावसाळ्यात, दौरे नसताना, रोसाउरा येऊनही जायची. पण बावीस वर्षांत एकही नाताळ तिनं घरी केला नाही.

आणि चोलेंगनं त्या वर्षानंतर खिडकीत पाऊल ठेवलं नाही. "मीच तिला घालवलं," असं ती म्हणायची. "पोटच्या पोरीला दारातून परत पाठवलं, खेळात का होईना. तोंडातून गेलेलं लागतं, तिका." माझं नाव एस्कोलास्तिका. गावात मला तिका म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे.

"अगं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली," मी म्हणायचे.

"कावळा मीच ना पण," ती म्हणायची.

मग दर वर्षी मिरवणूक निघाली की ती खाली बदकांत जाऊन बसे, आणि तिच्या खिडकीत मला लिगायाला उभं करावं लागे. लिगाया गावच्या कचेरीत कारकून. तिनं नकार गायला की वाटतं, उद्या नळाला पाणी येणार नाही. लोक रडत नाहीत, बादल्या आठवतात.

या वर्षी, म्हणजे मी सांगते आहे त्या वर्षी, रोसाउरा डिसेंबरात आली. नाताळाआधी नऊ पहाटे मिस्सा असते, त्यातल्या पहिलीलाच आईच्या शेजारी येऊन बसली. फादर प्रवचन देत होते आणि निम्मं चर्च माना वळवून मागं बघत होतं. चोलेंग पुढंच बघत होती, पण मुलीचा हात तिनं असा धरला होता की पोरीला क्रूसाची खूण करायलाही हात मोकळा नव्हता.

त्याच आठवड्यात माझी मारिया पळाली. म्हणजे पळाली नाही, मनिलात फोनवर बोलायची नोकरी लागली आणि साहेबानं नाताळची रजा नाकारली. योसेफ होता. योसेफ कायमचाच आहे, नादो न्हावी. सोळा वर्षं तोच, कारण झगा त्यालाच होतो.

"मी दोन्ही करू का बाई?" नादो म्हणाला. "योसेफ उभा राहून आणि मारिया बसून."

"तुला एक जमत नाही," मी म्हटलं.

तेव्हा रोसाउरा म्हणाली, "मी होते मारिया."

चर्चच्या मंडळात कुजबुज झाली. एक्केचाळीस वर्षांची मारिया? मी म्हटलं, आपला योसेफ अठ्ठावन्नचा आहे आणि त्याचे गुडघे दुखतात, जोडी शोभून दिसेल. त्यावर मंडळानं तिचं नाव लिहून घेतलं.

तालीम माझ्या ओसरीवर. पहिल्या ओळीलाच ती मूठ वळून तोंडापुढं धरायची. मी फुटपट्टीनं हातावर मारलं.

"माइक नाही इथं."

"हात आपोआप जातो, बाई."

"मग मागं बांध."

हात मागं बांधून गायली आणि मी खुर्चीत मागं टेकले. आवाज खाली आला होता. एकोणिसाव्या वर्षीचं ते चिमणीसारखं वर जाणं राहिलं नव्हतं. पण आता त्यात वजन होतं. मला बरं वाटलं आणि मी ते तिला सांगून टाकलं. मी सहसा सांगत नाही.

"माझी एक अट आहे," ती म्हणाली. "खिडकीत लिगाया नको. इनांग हवी." आईला ती इनांग म्हणते.

"नाही गायची ती. बावीस वर्षं झाली."

"म्हणूनच." ती पायरीवर बसली. "तुम्हाला सांगते बाई, हसू नका. ओसाकात पहिला कार्यक्रम. पडद्यामागं उभी होते आणि एक शब्द आठवेना. मग कुठून काय, इनांगचा नकार तोंडात आला. 'पुढच्या दारी जा गं बाई.' म्हटलं, चला, हेच ते पुढचं दार. गेले आणि गायले. तेव्हापासून कुठल्याही दौऱ्याचा पहिला कार्यक्रम असो, आधी मी तिचा नकार गुणगुणते. तिनं मला हाकललं आणि जगातली सगळी दारं उघडली. माझा शकुन आहे तो."

"बरं मग?"

"आता आवाज आठवत नाही. शब्द येतात, इनांगचा आवाज येत नाही. विरलाय. गेली दोन वर्षं काही धड होत नाहीये, दौरे आटलेत. आता फेब्रुवारीत एक मोठा आहे, सोलपासून हॅम्बुर्गपर्यंत. सही करायला हात होत नाही माझा. तिनं एकदा, एकदाच परत म्हटलं ना, की मी जाईन."

"हे आईला सांगितलंस?"

"तुम्ही सांगता का?"

"मी गाणं शिकवते. निरोप पोचवत नाही."

पण माझंच मन मला स्वस्थ बसू देईना. आईला जो शाप वाटतो तोच मुलीला आशीर्वाद वाटतो, आणि दोघी एका छपराखाली राहून एकमेकींना सांगत नाहीत. मला दोघींचाही राग आला. दुसऱ्या दिवशी मी चोलेंगकडं गेले. ती अंडी मिठाच्या चिखलात घोळवत बसली होती.

"दौरा आहे ना तिचा?" मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"भांडी घासतेय ती. घासलेली परत घासतेय. लहानपणी शाळेच्या सहलीला जायचं असलं तरी असंच करायची. विचारायचं धाडस नसायचं, मग भांडी."

मी सगळं सांगून टाकलं. शकुन, ओसाका, विरलेला आवाज. चोलेंग ऐकत अंडी घोळवत राहिली.

"म्हणजे मी परत तेच गायचं," ती म्हणाली, "आणि परत बावीस नाताळ? तिका, मी सत्तरीला आले. एवढे नाताळ माझ्यापाशी नाहीत."

मी म्हटलं, "नाताळात गाणाऱ्यांना सुट्टी नसते, चोलेंग. लोक जेवतात तेव्हा यांना गावं लागतं."

"मग लोकांनी जरा गप्प जेवावं."

मी चिडून निघून आले. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्सेनंतर तीच माझ्यापाशी आली. "गाईन मी. लिगायाला म्हणावं खिडकी सोड." एवढंच बोलून भराभर चालू लागली. चोलेंग इतक्या सहज कधी ऐकत नाही, हे मला साठ वर्षं माहीत आहे. तरी मी फसले. मला तिसऱ्या दाराशी लोक रडायला हवे होते ना!

चोविसाच्या सकाळी तिच्या घरावरून गेले तर अंगणात लग्नातलं पातेलं चुलीवर. आलं आणि कोंबडी घातलेली पेज रटरटत होती. केळीच्या पानांत बांधलेल्या चिकट भाताच्या चवडी, आणि पियानोवर अंड्यांचा डोंगर.

"दोघींना एवढं?" मी विचारलं.

"मिस्सेनंतर कुणी आलं तर," ती म्हणाली आणि पेज ढवळत राहिली.

आमच्या फादरांना तीन गावं. आमच्याकडची आठची मिस्सा उरकून त्यांना तळ्यापलीकडं होडीनं जायचं असतं. त्यामुळं आमचा खेळ दिवेलागणीला निघतो आणि आठला चर्चच्या दाराशी पोचावाच लागतो. "आठ म्हणजे आठ, बाई," त्यांनी सकाळी बजावलं होतं. "गेल्या वर्षी देवदूत लघवीला गेला आणि होडी चुकली."

पहिलं दार नीट झालं. दुसऱ्या दाराशी नादोनं एक ओळ खाल्ली, पण रोसाउरानं ती अशी उचलली की कुणाला कळलं नाही. निळी ओढणी, साधा पांढरा झगा, पायात काही नाही. जगभर दिव्यांच्या झोतात उभी राहिलेली बाई आमच्या गल्लीत चिखल चुकवत चालत होती आणि खुशीत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, पुढचं दार इनांगचं. मोठ्या मोठ्या हॉलमध्ये इतकी वाट नाही बघितली कधी."

तिसऱ्या दाराशी आलो. खिडकीत दिवा होता. दिव्यामागं चोलेंग, ठेवणीतल्या कपड्यात, केस विंचरलेले. कंदीलवाल्यांनी कंदील वर धरले. नादोनं सुरुवात केली, आणि मग रोसाउरा गायली,

दार उघडा घरच्या माये, रात थंड, पाय थकले,
कोपरा एक पुरे आम्हां, दूरचे आम्ही वाट चुकले.

मागं बांधलेला हात नाही, तोंडापुढं मूठ नाही. नुसती मान वर करून, आईकडं बघत. आवाज सगळ्या गल्लीत भरला आणि तळ्याकडं गेला.

मी खिडकीकडं हात उचलून सूर दिला. चोलेंगनं श्वास घेतला. तोंड उघडलं. मग मिटलं, आणि खिडकीतून ती दिसेनाशी झाली. जिन्यावर पावलं वाजली. दार सताड उघडलं.

"आत या," चोलेंग म्हणाली. "सगळे या."

"चोलेंग!" मी ओरडले. "नकार दे!"

"नाही देत."

"अगं, मारियाला इथंच जागा मिळाली तर जगाचं तारण कसं व्हायचं?"

"जगाचं जग बघेल. पेज गार होतेय."

आल्याचा वास गल्लीत आला होताच. नादोनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. "बाई," तो म्हणाला, "योसेफ लांबून चालत आलेला असतो ना? त्याला भूक लागलेलीच असणार." आणि झगा वर धरून आत शिरला. त्याच्यामागून मेंढपाळ, मग देवदूत, मग तुतारीवाला, मग कंदीलवाले. आमच्या माणसांना जेवायला या म्हटलं की बायबल आठवत नाही. बघता बघता घर भरलं. जिन्यावर लोक, पियानोपाशी लोक, खिडकीत लोक. वाट्या फिरायला लागल्या.

बाहेर गल्लीत तिघीच उरलो. दारात चोलेंग, समोर रोसाउरा, आणि मी.

"इनांग, गा ना," रोसाउरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते गाण्यानं आलेलं नव्हतं. "एकदाच. मला तुझा आवाज आठवत नाही गं."

"मला नाही म्हणवत. एकदा म्हटलं ते पुरे झालं. तू आत ये."

"आत आले तर मी जायची नाही."

"मग नको जाऊस."

"मी गाते, इनांग. मला दुसरं काही येत नाही. इथं कुणापुढं गाऊ? बदकांपुढं?"

"बदकांनी काय पाप केलंय?" चोलेंग म्हणाली. मग तिचंच तोंड वेडंवाकडं झालं. "मला तू नाताळला हवी असतेस. बाकी वर्षभर कुठं का असेनास. पातेलं मोठं आहे आणि मी एकटी. एवढंच आहे माझं."

आतून नादो मीठ मागत होता. तेवढ्यात चर्चचा घंटावाला धावत आला. "बाई, फादर विचारतात, कुठवर आलात?"

चोलेंगनं डोळे पुसले आणि मुलीकडं बघितलं. मला ती नजर ओळखीची आहे. बाजारात कुणी अंड्याला नावं ठेवली की ती असं बघते.

"इतकं शुभ आहे का गं ते गाणं?"

"माझ्यासाठी आहे."

"सगळी दारं उघडतात त्यानं?"

"माझी उघडली."

"मग मला म्हण."

"काय?"

"ती ओढणी दे इकडं. मी उभी राहते इथं, तू जा वर. छप्पर तूच घातलंयस, घर तुझंच आहे. काढ मला बाहेर. बघू दे तरी खालून कसं वाटतं."

रोसाउरा माझ्याकडं बघायला लागली. मी घंटावाल्याला म्हटलं, "फादरांना सांग, मारिया बदलतेय. वेळ लागेल." आणि स्वतःच्या हातानं ती निळी ओढणी चोलेंगच्या डोक्यावर घातली. कारण आता मलाही बघायचं होतं.

रोसाउरा जिन्यावरच्या लोकांतून वाट काढत वर गेली. खिडकीत आली तेव्हा मागून कुणाचा तरी कोपर तिच्या पाठीत लागत होता आणि कुणी तरी तिच्या हातात वाटी देत होतं. खाली चोलेंग, ठेवणीतल्या कपड्यावर निळी ओढणी, पायात बदकांत जायच्या सपाता. नादो धावत आला, ओठाला पेज लागलेली, आणि शेजारी उभा राहिला. मी सूर दिला. चोलेंगनं निवारा मागितला, सगळे शब्द बरोबर. बावीस वर्षं बदकांत बसून ती दर वर्षी सगळं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं.

मग वरून नकार आला. रोसाउरानं मूठ तोंडापुढं नेली, मुठीकडं बघितलं आणि हात खाली घेतला. "घर भरलंय" म्हणताना तिला हसू फुटलं, कारण घर खरंच भरलं होतं, उंबऱ्यापर्यंत, आणि तिळाएवढी जागा नव्हती. हसू आवरून तिनं परत सुरुवात केली. आणि मी, जिला सुराचं अर्धं घसरणं दाताखाली खडा आल्यासारखं लागतं, ती मी हात तसाच वर धरून ऐकत राहिले. सूर अर्धा उतरलेला होता. जाडसर, थोडा घोगरा. तो रोसाउराचा आवाज नव्हताच. तिनं हरवलेला आवाज तिच्याच गळ्यात निघाला होता.

तिलाही कळलं. दुसऱ्या ओळीला ती रडत होती आणि गात होती. वाट्या धरलेले लोक रडत होते. निरोप न्यायचं विसरून घंटावालाही रडत होता.

खाली चोलेंग मान वर करून ऐकत होती. "असं ऐकू येतं होय?" तिनं मला हळूच विचारलं.

"असंच. अर्धा सूर उतरलेलं."

"मग यात हाकलण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "हिला तर वाटतंय, मी जाऊच नये." गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "बावीस वर्षं मी उगीच बदकांत बसले, तिका."

"मी तेच सांगत होते," मी म्हटलं. पण मी ते नव्हते सांगत. मी फक्त फांदीचं आणि कावळ्याचं सांगत होते.

फादरांनी चर्चचं दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग सत्तरीची मारिया बघितली, मग योसेफाच्या हातातलं लाल अंडं. त्यांची होडी चुकली. पुढच्या गावची मिस्सा उशिरा झाली, आणि तिथले लोक अजून आम्हाला बोल लावतात.

मिस्सेनंतर उरलेल्या पेजेवर रोसाउरानं आईला दौऱ्याचं सांगितलं.

"माहितेय," चोलेंग म्हणाली. "चार वेळा घासलंयस ते पातेलं."

"तू पण चल."

"मी? आणि बदकं?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, मी गाणं शिकवते, बदकं सांभाळत नाही. त्यावर दोघी नुसत्या हसल्या.

फेब्रुवारीत गाडी दाराशी आली. चोलेंगच्या अंगावर मुलीचा कोट, हातात अंड्यांची पेटी. गाडीत बसताना तिनं मला जवळ बोलावलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी? लागतं ते गाणं."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी बदकांत असते. ती सुरात ओरडत नाहीत आणि माझं ऐकतही नाहीत. चोलेंगचे फोन येतात. सोलमध्ये थंडी फार, हॅम्बुर्गला भात कच्चा, आणि कार्यक्रमाआधी पडद्यामागं आता रोसाउराला गुणगुणावं लागत नाही, चोलेंग स्वतः तिला नकार देते आणि पुढं ढकलते. दौरा दणक्यात चालला आहे. हे चोलेंग असं सांगते जसं काही तीच गाते आहे.

नोव्हेंबरात फोन आला. "तिका, निळी ओढणी धुऊन ठेव. या वर्षी मारिया तू."

"मी? बहात्तरची? मला कुठं जायचंय आता?"

"कुणी सांगावं."

"आणि खिडकीत कोण? नाताळात गाणाऱ्यांना सुट्टी नसते ना?" मी हे हसत विचारलं, पण त्या घराची किल्ली माझ्या कमरेला होती आणि मला ती नको झाली होती.

पलीकडं रोसाउरानं फोन घेतला. तिला हसू आवरत नव्हतं. "बाई, काल एजंटाचा फोन होता. नाताळच्या आठवड्याला इथल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात कार्यक्रम, दुप्पट मोबदला. मी काही बोलायच्या आत इनांगनं फोन ओढून घेतला. त्याला हिची भाषा कळत नाही, हिला त्याची नाही. हिनं सरळ गायला सुरुवात केली."

"काय?"

"सगळा नकार. दोन्ही ओळी, त्याच्या कानात, अर्धा सूर उतरवून. तो बिचारा संपेपर्यंत थांबला. मग मला विचारतो, काय म्हणाल्या त्या?"

"मग तू काय सांगितलंस?"

"जे म्हणाली तेच. डिसेंबरात आमचं घर भरलेलं असतं, दुसरं दार बघा." मागून चोलेंग ओरडून विचारत होती की बदकं बारीक तर झाली नाहीत ना. "विसाव्या तारखेला येतोय, बाई. लिगायाला खिडकी सोडायला सांगा."